पाद्र्याचं भाषण की तळ्यावरची आंघोळ? 1951च्या एका स्वीडिश चित्रपटाचं प्रकरण

चित्रपट सुरू होतो तोच अंत्यविधीने. शेश्टिन नावाची सतरा वर्षांची मुलगी मोटारसायकलच्या अपघातात गेली आहे. गाव जमलं आहे, शवपेटी समोर आहे. पाद्री बोलायला उभा राहतो. आता दोन शब्द सांत्वनाचे येतील असं वाटत असतानाच तो घसरतो गावातल्या तरुण पोरापोरींवर. त्यांचं एकत्र जमणं, नाटकं बसवणं, मोकळेपणाने वागणं, सगळं तो काढतो. मेलेल्या मुलीचं नाव घेऊन जिवंत पोरांना धाक घालण्याची ही संधी त्याला सोडवत नाही. मग गोष्ट मागे जाते आणि हे सगळं कसं घडलं ते आपल्याला दिसतं.

'हून दान्सादे एन सॉमर', म्हणजे 'ती एक उन्हाळा नाचली'. दिग्दर्शक आर्ने मॅटसन. पेर उलोफ एकस्ट्रोम या अगदी तरुण लेखकाच्या 1949च्या कादंबरीवरून वोलोद्या सेमितोव यांनी पटकथा लिहिली. चित्रपट स्वीडनमध्ये 17 डिसेंबर 1951 रोजी लागला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हे तिथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवात स्वेन स्कोल्ड यांच्या संगीताला पारितोषिक. स्पेनने मात्र त्याच्यावर बंदी घातली आणि अमेरिकेत तो पोचायला 1955 उजाडलं. आज कुठेही या चित्रपटाचा उल्लेख निघाला की एकच गोष्ट सांगितली जाते. नायक-नायिका तळ्यात विवस्त्र पोहतात, मग काठावर प्रेम करतात, म्हणून गदारोळ झाला.

या प्रकरणाचे कागद जरा उलटसुलट करून पाहिले तर मला हे उत्तर अपुरं वाटतं. अंगावर कपडे नसणं हा आरोप सोयीचा होता. खरी ठसठस पाद्र्याची होती.

गोष्ट

योरान हा शहरातला, नुकतीच शाळेची शेवटची परीक्षा पास झालेला मुलगा. सुट्टीत तो काकाच्या शेतावर येतो. काका आंदेश पेर्शन हा जमीनदार शेतकरी, पोरांच्या बाजूने उभा राहणारा. (ही भूमिका एड्विन अडोल्फसन या जुन्या, भारदस्त नटाने केली आहे आणि तो पडद्यावर आला की बाकीचे आपोआप जरा बाजूला होतात.) गावातल्या तरुणांना एकत्र जमायला हक्काची जागा हवी आहे, त्यांना नाटक बसवायचं आहे. पाद्र्याचा त्याला विरोध आहे. शेश्टिनच्या घरची माणसं कडक धार्मिक. मुलगी कुठे जाते, कोणाशी बोलते यावर त्यांची सतत नजर. त्यामुळे योरान आणि शेश्टिन यांचं जे काही जुळतं ते चोरून. उन्हाळा संपत येतो, योरानला परत जायचं असतं, त्याचा पाय निघत नाही. शेवटी मोटारसायकल, रस्ता आणि अपघात. ती जाते, तो वाचतो.

गोष्ट म्हणून यात नवीन काही नाही. दोन प्रेमी, आड येणारं गाव आणि एक मृत्यू एवढा ऐवज कोणत्याही भाषेत सापडेल. नवीन आहे तो पाद्री. योन एल्फस्ट्रोम याने रंगवलेला हा माणूस चोरून पिणारा नाही, बायकांच्या मागे लागणारा नाही. ढोंगी धर्मगुरू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे ठरलेलं चित्र येतं, तसा तो असता तर चर्चचं काम सोपं झालं असतं. एक नासका आंबा निघाला म्हणून आढी कोण फेकतं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. हा माणूस स्वतःच्या नियमांप्रमाणे चोख वागतो. त्याचं ढोंग वेगळ्या जागी आहे. ज्या धर्माच्या नावाने तो उभा आहे त्यात करुणा पहिली येते, आणि पोरीच्या शवपेटीसमोर त्याच्याकडे नेमकी तीच नसते. अशा पाद्र्याला 'अपवाद' म्हणून बाजूला काढता येत नाही.

1951चं स्वीडन

बाहेरच्या माणसाला स्वीडन म्हणजे पहिल्यापासूनच मोकळंढाकळं असं वाटतं. तसं नव्हतं. चित्रपट लागला त्या दिवशी स्वीडिश नागरिकाला राज्याचं चर्च नुसतं सोडून देता येत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त धर्मसंस्थेत नाव घालणार असाल तरच बाहेर पडायची मुभा होती. कोणत्याच चर्चचा सदस्य न राहण्याचा हक्क देणारा धर्मस्वातंत्र्याचा कायदा लागू झाला 1 जानेवारी 1952 रोजी, म्हणजे चित्रपट लागल्यावर दोन आठवड्यांनी. तो कायदा चित्रपटामुळे आला असं मुळीच नाही. त्यावरची चर्चा कैक वर्षं चालू होती. पण थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला पाद्र्याचं भाषण नुसती गोष्ट म्हणून ऐकू येत नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं.

आणखी एक बाब. जन्म, लग्न, मृत्यू, गाव बदलणं या सगळ्या नोंदी स्वीडनमध्ये चर्चच्या दप्तरात होत. ही पद्धत थेट 1991पर्यंत चालली. म्हणजे पाद्री हा देवाचा माणूस आणि सरकारी कारकून दोन्ही. आपल्याकडे तलाठ्याचं दप्तर आणि देवळाची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असावी, असं काहीसं. अशा माणसाला भर अंत्यविधीत उलट बोलणं हे आज वाटतं तितकं स्वस्त नव्हतं. आंदेश ते करतो. तो करू शकतो, कारण जमीन त्याची स्वतःची आहे. नाटक बसवणाऱ्या पोरांपैकी कोणी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार चित्रपट फारसा करत नाही. प्रेक्षकाने करायला हरकत नाही.

नाचाबद्दलची भीतीही पटकथाकाराने हवेतून काढलेली नव्हती. खेड्यापाड्यांत उन्हाळ्यात उघड्यावर लाकडी फळ्यांचे मंच टाकून नाच चालत. शनिवारी रात्री आसपासच्या गावांतली पोरं सायकलींवरून तिथे जमत. 1940च्या दशकात या मंचांवरून मोठं काहूर उठलं होतं. दारू, बिघडलेल्या मुली, शहरी वाद्यवृंद, वाया चाललेली पिढी असा सूर चर्चचा, दारूबंदीवाल्यांचा आणि वर्तमानपत्रांचाही होता. गंमत अशी, की याच देशाच्या उत्तर भागात जुन्या काळी लग्नाळू पोरांनी शनिवारी रात्री मुलीच्या खोलीत जाऊन गप्पा मारत, कपड्यांनिशी शेजारी झोपायची रीत होती. गावाला ती ठाऊक असे आणि मान्यही असे. लग्नाआधी दिवस गेले तर लग्न उरकून घेत. 'परंपरा' म्हणून चित्रपटातलं गाव जे राखू पाहतं, ते तितकं जुनं नव्हतंच. पण सोवळं नेहमी आपल्या वयापेक्षा जुनं दिसायला बघतं.

दुसऱ्या बाजूलाही माणसं होती. एलिसे ऊत्तेसेन-येन्सेन या बाईंनी 1933 साली लैंगिक शिक्षणासाठी राष्ट्रीय संघटना काढली. गर्भनिरोधकांची माहिती जाहीरपणे देण्यावर 1910 पासून असलेली बंदी 1938मध्ये उठली. 1955मध्ये शाळांत लैंगिक शिक्षण सक्तीचं झालं. मराठी वाचकाला इथे र. धों. कर्वे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र 1921 साली काढलं, म्हणजे स्वीडिश बाईंच्या संघटनेच्या बारा वर्षं आधी. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले, एकात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. आणि 1952 साली कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तीही मुंबईत. तिच्या संस्थापकांत ऊत्तेसेन-येन्सेन यांचं नाव आहे. कर्वे पुढच्याच वर्षी गेले. कर्व्यांच्या वाट्याला आयुष्यभर जे बहिष्कृत जिणं आलं ते पाहिलं की स्वीडनचं कौतुक करताना आणि आपलं रडगाणं गाताना दोन्हीकडे हात जरा आखडता घ्यावासा वाटतो.

तळ्यावरची मिनिटं

आता ज्यावरून चित्रपट ओळखला जातो तो प्रसंग. कॅमेरा योरान स्ट्रिंडबर्ग यांचा, चित्रण कृष्णधवल. उत्तरेकडचा उन्हाळा, पाणी चकाकतं आहे. दोघं पाण्यात उतरतात. मग काठावरच्या वेळूगवतात येतात. शेश्टिनचं उघडं शरीर दिसतं, पण कॅमेरा जास्त वेळ घेतो तो चेहऱ्याचा. उल्ला याकोबसन तेव्हा विशीच्या सुरुवातीची होती आणि तिचा चेहरा या प्रसंगात जे करतो ते संवादात मावणारं नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती आहे आणि हट्टही. फोल्के सुंदक्विस्तचा योरान मात्र तिच्या मानाने कोरा वाटतो. त्याला फार काही हरवायचं नाही हे नटाला कळलं होतं की नुसतंच तसं झालं, देव जाणे.

स्वीडनमध्ये चित्रपटांची सरकारी तपासणी 1911 पासून होती. जगातली अशी सगळ्यांत जुनी व्यवस्था म्हणून ती ओळखली जात असे. तिने हा चित्रपट प्रदर्शनाला सोडला. तळ्यात कपडे काढून पोहणं हे तिकडे उन्हाळ्यात घरचंच मानतात, त्यामुळे आंघोळीने कोणी दचकण्याचा प्रश्न नव्हता. दचकले ते त्यानंतरच्या प्रेमाच्या दृश्याने, आणि त्याहून जास्त पाद्र्याने.

यासाठी त्याच सुमाराची आणखी दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहावीत.

पहिलं पश्चिम जर्मनीतलं. 1951च्या जानेवारीत तिथे हिल्डेगार्ड क्नेफची भूमिका असलेला 'डी झ्युंडेरिन' (म्हणजे 'पापिणी') लागला. ती काही क्षण विवस्त्र दिसते. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढलं, मोर्चे निघाले, थिएटरात दुर्गंधीचे गोळे फोडले गेले. लोकांच्या आठवणीत राहिली ती नग्नता. चर्चच्या मूळ तक्रारी मात्र वेगळ्या होत्या. नायिका वेश्याव्यवसाय करते, दुर्धर आजारी प्रियकराला मरण देते आणि नंतर स्वतःचा जीव घेते, हे सहानुभूतीने दाखवलं म्हणून त्यांचा संताप होता.

दुसरं अमेरिकेतलं. रोसेलिनीच्या एका इटालियन चित्रपटाचा परवाना न्यूयॉर्क राज्याने 1951मध्ये रद्द केला. आरोप होता धर्माची विटंबना केल्याचा. अंगप्रदर्शनाचा तिथे प्रश्नच नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 26 मे 1952 रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं, की चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे आणि धर्माची विटंबना हे बंदीचं कारण होऊ शकत नाही.

एकदा हा दरवाजा बंद झाला की चित्रपटावर राग काढायला दुसरा उघडा ठेवावा लागतो, आणि तो म्हणजे अश्लीलता. 'तुम्ही आमच्या पाद्र्याची अब्रू काढलीत' असं म्हणायची सोय राहत नाही, 'तुम्ही मुलीचं अंग दाखवलंत' असं म्हणता येतं. स्पेनमध्ये तर दोन्ही दरवाजे सताड उघडे होते. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत सेन्सॉरच्या बाकावर धर्मगुरूही बसत. 1953मध्ये सरकारने व्हॅटिकनशी करार करून कॅथलिक धर्माचं स्थान आणखी पक्कं केलं. ज्या देशात पाद्री हाच खलनायक असलेला चित्रपट येणं शक्य नव्हतं, तिथे तळ्यावरची मिनिटं कापून काय उपयोग झाला असता? याच सेन्सॉरने पुढे हॉलिवुडच्या 'मोगाम्बो'त विवाहबाह्य प्रेम नको म्हणून नवरा-बायकोला संवाद बदलून भाऊ-बहीण केलं. झालं असं, की एकाच खोलीत राहणारे आणि एकमेकांशी नको इतके जवळिकीने वागणारे भाऊ-बहीण स्पॅनिश प्रेक्षकांनी पाहिले. नीती वाचवायची म्हणून याहून मोठी आफत ओढवून घेतल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

बर्लिनच्या बक्षिसाचीही एक बारीक गोष्ट. 1952मध्ये तिथे तज्ज्ञांचं परीक्षक मंडळ नव्हतं, सुवर्ण अस्वल प्रेक्षकांच्या मतांवर दिलं गेलं. दीड वर्षापूर्वी ज्या देशात क्नेफच्या चित्रपटावरून मोर्चे निघाले, त्याच देशातल्या तिकीट काढून बसलेल्या माणसांनी हा चित्रपट पहिला ठरवला. तळ्यासाठी मतं पडली असं कोणी म्हणेल. काही पडलीही असतील. पण युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात, वडीलधाऱ्यांनी शिकवलेल्या नीतीचं काय झालं हे डोळ्यांनी पाहिलेल्या पिढीला पाद्र्यासमोर उभा राहणारा आंदेश आवडला नसेल, हे मला पटत नाही.

विकणारे

माझ्या मुद्द्याला एक मोठा अडथळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पाद्रीच जर खरा मुद्दा होता, तर चित्रपट देशोदेशी विकला गेला तो कशावर? उघड आहे, तळ्यावर. जाहिरातींत पाद्र्याला कोण विचारतो!

दोन वर्षांनी आलेल्या, इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाच्या 'सॉमारेन मेद मोनिका'चं ('मोनिकासोबतचा उन्हाळा') अमेरिकेत काय झालं ते पाहिलं की ही बाजारपेठ कळते. क्रोगर बॅब नावाच्या वितरकाने तो घेतला, कापून साधारण तासाभराचा केला, लेस बॅक्स्टरचं नवं संगीत चिकटवलं आणि 'एका वाईट मुलीची गोष्ट' अशा नावाने 1955मध्ये फिरवला. हार्रियेट आंदेर्शनने उभी केलेली, गरिबीतून आणि कोंदट घरातून पळालेली मुलगी उरली ती पोस्टरपुरती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'टाइम' साप्ताहिकात स्वीडन आणि पाप असा मथळा घेऊन लेख आला आणि स्वीडनमध्ये मोठा गहजब झाला. पाच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी शिकागोत बोलताना एका 'मित्र' युरोपीय देशातल्या आत्महत्या, दारू आणि ढासळत्या संयमाचा दाखला दिला. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. 'स्वीडिश पाप' हा शब्दप्रयोग बाजारात रुळला आणि उल्ला याकोबसनचा तळ्यावरचा चेहरा त्या दुकानाची पाटी झाला.

म्हणजे बंदी घालणारे आणि वाहत्या गंगेत हात धुणारे, दोघांनीही चित्रपटातली तीच चार-दोन मिनिटं उचलली. राहिलेला दीड तास दोघांच्याही कामाचा नव्हता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण गावातल्या कुचाळक्यांसाठी असली तरी वितरकांच्या कचेरीत लावायला हरकत नसावी.

चित्रपटाचा स्वतःचा हिशेब

इथपर्यंत मी चित्रपटाची वकिली केली. आता उलटतपासणी.

मुलीला मारलं कोणी? पाद्र्याने नाही, गावाने नाही. पटकथेने मारलं. दोघांनी चोरून प्रेम केलं, त्यातली मुलगी अपघातात जाते, मुलगा वाचतो. पाप केलं की शिक्षा मिळते हे पाद्र्याचं म्हणणं चित्रपट तोंडाने खोडून काढतो, आणि कथानकाने खरं करून दाखवतो. पाद्र्याला बोलायला शवपेटी लागत होती, ती लेखकाने पुरवली. दंडाची ही वाटणीही जुन्या रिवाजाबरहुकूम झाली आहे. किंमत मोजते ती बाई.

याला एक उत्तर आहे, ते नोंदवतो. मृत्यू पहिल्याच दृश्यात दाखवल्याने शिक्षेचा धक्का निघून जातो. प्रेक्षक पूर्ण वेळ जाणतो की ही मुलगी वाचणार नाही, त्यामुळे तळ्यावरचा प्रसंग तो वासनेपेक्षा हळहळीने पाहतो. ही रचना हुशारीची आहे, मान्य. अपघात हा अपघातच आहे, त्याला अर्थ चिकटवतो तो पाद्री, आणि चित्रपट आपल्याला तेच पाहायला लावतो, असंही म्हणता येईल. मी हे उत्तर निम्मं मानतो. निम्मं यासाठी, की दिवस गेले असते, तिने घर सोडलं असतं, तो शहरात निघून गेला असता आणि ती गावातच राहून पाद्र्याच्या समोरून रोज चालत गेली असती, तर लेखकाला बरंच अवघड लिहावं लागलं असतं. मेलेल्या मुलीवर सगळ्यांनाच प्रेम करता येतं. जिवंत राहिली असती तर आंदेश तिच्या बाजूने किती दिवस बोलला असता?

बर्गमनने मोनिकाला मारलं नाही. ती मूल टाकून जाते, आणि एका क्षणी थेट कॅमेऱ्यात बघते. प्रेक्षकाला तिची दया करायची सोय तिने ठेवलेली नाही. त्या मानाने मॅटसनचा चित्रपट भित्रा आहे. पण बर्गमनच्या आधी हे तळं मॅटसनने खुलं केलं, हेही खरं.

मॅटसन पुढे रहस्यपटांकडे वळले. याकोबसन बर्गमनच्या 1955च्या उन्हाळी रात्रीच्या विनोदिकेत दिसली, मग इंग्रजी चित्रपटांत, 1964च्या 'झुलू'त मिशनऱ्याची मुलगी म्हणून. सुंदक्विस्त 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये आहे. तिघांच्याही नावापुढे आयुष्यभर या उन्हाळ्याचा शिक्का राहिला. याकोबसन 1982 साली व्हिएन्नात वारली.

हा चित्रपट पाहायला मिळाला तर एक साधी नोंद ठेवत जावी. कोणत्या प्रसंगात शेश्टिन एकटी आहे? नाव 'ती'चं आहे, पण आठवण 'त्या'ची. अंत्यविधीनंतर गोष्ट मागे जाते ती योरानच्या मनातून. तो शेतावर येतो, तो तिला पाहतो, त्याचा पाय निघत नाही. घरी तिला काय ऐकावं लागलं, रात्री ती काय घोकत झोपली, तळ्यावरून घरी चालत जाताना तिला कसलं भय वाटलं की मुळीच नाही वाटलं, यातलं आपल्या हाती फार थोडं लागतं. गावाने तिच्याविषयी बोलताना तिला विचारलं नव्हतं. पाद्र्याने विचारलं नव्हतं. आणि तिची बाजू घेऊन भांडणाऱ्या चित्रपटानेही तिला फारसं विचारलेलं नाही.